आंबोली टोड

उभयचर वर्गातील भेक (टोड) कुलाची (ब्यूफोनिडी) सह्याद्रीत आढळणारी लहान जाती. शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायग्रिना. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या (उंची सुमारे ७०० मी.) परिसरापुरतीच ती मर्यादित असावी, असे आतापर्यंतच्या नोंदींवरून दिसते. स्थानिक लोक तिला बेडूकच म्हणतात.

एस. डी. बिजू, वरद गिरी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हिचे वर्णन केले व त्याच लेखात झँथोफ्राइन ही नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) स्थापली. या प्रजातीतील दुसरी जाती, कोयना टोड, सोमण यांनी १९६३ मध्येच ब्यूफो प्रजातीत नोंदली होती. डोक्यावर ठळक कंगोरे नसणे, मागच्या पायांच्या बोटांमधील पडदा नाममात्र असणे आणि कुशीवर गडद पिवळ्या खुणा असणे ही प्रजातीची लक्षणे मानतात. कोयना टोडच्या खुणा ठिपक्यांसारख्या, तर आंबोली टोडच्या तुटक पट्ट्यांसारख्या असतात; वाघावरून दिलेले नाव त्यामुळेच. मूळ लेखात ते ‘टायग्रिनस’ असे छापले होते. ‘फ्राइन’ (भेक) हा ग्रीक शब्द स्त्रीलिंगी असल्याने पुढे ‘टायग्रिना’ असे रूप करण्यात आले. दोन्ही रूपे आढळतात. व्याकरणदृष्ट्या दुसरेच ग्राह्य धरावे.

प्रजनन पहिल्या सरींबरोबर सुरू होते. जांभ्याच्या कातळावरील उथळ खळग्यांत पाणी साचले की नर तेथे जमतात. अंडी घालताना मादी पाठ कमानीसारखी खाली वाकवते. खळग्यात पाणी जेमतेम काही बोटे खोल असते. पावसाने मध्येच ओढ दिली तर ते आटते.

धोक्यातील जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली आहे. मुख्य कारण अधिवासाचा तोकडेपणा. आंबोलीत वर्षाला सुमारे ७०० सेंमी. पाऊस पडतो, आणि धबधब्यांसाठी पर्यटकांची झुंबडही नेमकी त्याच महिन्यांत उडते. ओल्या रात्री रस्त्यावर आलेले टोड चाकांखाली सापडतात. सडा (जांभ्याचा उघडा कातळ) ही पडीक जमीन समजली जात असल्याने तेथे वाहने उभी करणे, बांधकाम व जांभा काढणे यांना फारशी हरकत घेतली जात नाही. खळगे मात्र कायमचे जातात. जंगल राखले आणि लगतचा कातळ गेला, तरी ही जाती वाचणार नाही. तिच्या पावसाळ्याबाहेरच्या जीवनक्रमाविषयी नोंदी तुरळक आहेत.