‘पेशंटजवळ कोण आहे?’ : कर्करोग शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेतील कुटुंब

कोल्हापुरात ज्याला थोरला दवाखाना म्हणतात त्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात काय किंवा खासगी रुग्णालयात काय, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण वॉर्डात आला की सिस्टर आधी विचारतात, ‘पेशंटजवळ कोण आहे?’ या प्रश्नामागची अपेक्षा फार जुनी आहे. चरकसंहितेने वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाय मानले आणि परिचारकाच्या गुणांत उपचारांची जाण, दक्षता व शुचिता यांच्या बरोबरीने रुग्णाविषयीचा अनुरागही धरला.

आधुनिक परिचर्येने मात्र नातेवाइकाला हळूहळू दाराबाहेर नेले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे १८५९ सालचे परिचर्येवरील पुस्तक मुळात घरी आजाऱ्याची देखभाल करणाऱ्या स्त्रियांसाठी होते; पण पुढे प्रशिक्षित परिचारिका आणि जंतुविरहित शस्त्रक्रिया आल्या, तशा पाश्चात्त्य रुग्णालयांत घरच्यांच्या वाट्याला भेटीच्या ठरावीक वेळाच उरल्या. आपल्याकडे तसे घडले नाही, आणि त्याचे श्रेय केवळ आपल्या जिव्हाळ्याला देता येणार नाही. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड प्रत्यक्षात क्वचितच पाळला जातो. त्यामुळे भरवणे, कूस बदलणे, औषधे आणणे ही कामे नातेवाइकांवर येऊन पडली. त्यांना वॉर्डात राहू दिले, पण शिकवले मात्र नाही.

रुग्णाच्या मनाकडे वैद्यकाचे लक्ष याहून उशिरा गेले. १९५०च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या मेमोरिअल रुग्णालयात आर्थर सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढण्याची शस्त्रक्रिया) व स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला; तिथेच १९७७पासून जिमी हॉलंड यांनी कर्करोगरुग्णांच्या मानसिक उपचारांचा स्वतंत्र विभाग उभा केला. १९८३ साली रुग्णालयातील रुग्णांची चिंता आणि नैराश्य मोजणारी चौदा प्रश्नांची श्रेणी आली. पुढच्या अभ्यासांतून रुग्णाची आणि जोडीदाराची अस्वस्थता बरोबरीने वाढते-उतरते असे दिसू लागले, तेव्हा कुठे खाटेशेजारचा माणूस शुश्रूषेचा विषय झाला.

स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाई कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरांहून दूरच्या चंदगडसारख्या तालुक्यात ड्रेन, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी, घेऊनच घरी जाते, तेव्हा त्यातले पाणी रोज मोजून लिहिणारी सून किंवा लेक हीच तिची परिचारिका असते. नाकातल्या नळीने पातळ आहार घेणाऱ्या, जबड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाशी पाटीवर लिहून बोलण्याइतका धीर घरच्यांना शिकवावाच लागतो, कारण नळी स्वच्छ ठेवूनही त्याच्याशी बोलणे थांबले तर तो एकटाच पडतो. ‘त्यांना आजाराचं नाव सांगू नका’ अशी डॉक्टरांना विनंती करणारेही हेच घरचे असतात. ती मायेपोटी केलेली असते. पण जखमेची जागा रुग्णाला दिसतच असते, आणि मग घरात दोघेही एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत बसतात.