पे-२ : कैदखान्यात आखलेलं बॉम्बफेकी विमान

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत पे-२ चे गुण-दोष कळायचे तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते : हे विमान मुळात बॉम्ब टाकण्यासाठी आखलंच नव्हतं.

विमान-अभियंते व्लादिमीर पेत्ल्याकोव्ह यांना १९३७ मध्ये अटक झाली. गुप्त पोलिसांनी मॉस्कोत कैदी अभियंत्यांचं एक डिझाइन कार्यालय चालवलं होतं. तिथे त्यांच्याकडे '१००' नावाचा प्रकल्प आला : खूप उंचावरून उडणारं, दोन इंजिनांचं लढाऊ विमान. हवाबंद केबिन, टर्बोचार्जर (विरळ हवेतही इंजिनाला जोर देणारं यंत्र) असा सगळा जामानिमा. २२ डिसेंबर १९३९ ला ते पहिल्यांदा उडालं आणि १९४० च्या मे दिनाला मॉस्कोच्या लाल चौकावरून गेलं.

लगेचच हुकूम फिरला. आता हवं होतं सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान, आणि नवी आखणी करायला मुदत जेमतेम दीड महिन्याची. हवाबंद केबिन आणि टर्बोचार्जर निघाले, पंखांखाली सूर मारताना वेग आवरणारे जाळीदार ब्रेक आले. पेत्ल्याकोव्ह त्याच वर्षी सुटले. माणसांना डांबून करून घेतलेलं हे काम इतकं उत्तम ठरावं, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

लढाऊ विमानाचा वारसा मात्र अंगात राहिला. ताशी ५४० किमीचा वेग ही मोठी कमाई. पण धड सडपातळ, त्यामुळे बॉम्ब एरवी ६०० किलोच, आणि सूर मारताना फक्त बाहेर टांगलेलेच टाकता येत. उतरण्याचा वेग जास्त, नवख्या वैमानिकाला चूक परवडायची नाही. नामवंत सोव्हिएत नॅव्हिगेटर (विमानाची वाट आखणाऱ्या) मरीना रास्कोवा यांनी उभ्या केलेल्या महिला रेजिमेंटला हीच विमानं मिळाली. कंट्रोल स्टिक एवढी जड, की टेकऑफला नॅव्हिगेटरचाही हात लागायचा.

ऑगस्ट १९४१ मध्ये पे-३ आलं : ब्रेक काढलेलं, जादा टाकी बसवलेलं, दोघांचं लढाऊ विमान. म्हणजे गाडी फिरून मूळ पदावर. त्याच शरदात मॉस्कोचा मुख्य कारखाना कझानला हलला. १२ जानेवारी १९४२ ला कझानहून मॉस्कोला निघालेलं पे-२ अर्झामासजवळ कोसळलं. त्यात पेत्ल्याकोव्ह होते.

पुढचे बदल आघाडीने करायला लावले. नॅव्हिगेटरच्या ७.६२ मिमी मशिनगनला जर्मन लढाऊ विमानं दाद देत नव्हती. तिच्या जागी १२.७ मिमीची बेरेझिन गन आली, तो प्रकार एफटी, अर्थात 'आघाडीची मागणी'. वजन वाढलं, वेग घटला. म्हणून १९४३ मध्ये १२१० अश्वशक्तीचं व्हीके-१०५पीएफ इंजिन बसवलं. त्याने खालच्या उंचीवर जोर मिळाला, वर मात्र दम कमी पडू लागला. टेहळणीचं पे-२आर आणि प्रशिक्षणाचं यूपे-२ हे त्याच सांगाड्यावरचे भाऊबंद.

१९४३ पासून डिझाइनची सूत्रं अभियंते व्लादिमीर म्यासिश्चेव्ह यांच्याकडे होती. त्यांचं पे-२आय ताशी ६५० किमीपर्यंत पोचलं, पण त्याचं व्हीके-१०७ए इंजिन भरवशाचं नव्हतं आणि युद्धही संपत आलं होतं. मोजकीच बनली. जुनी पे-२ मात्र ११ हजारांवर बनली होती, आणि युद्धानंतर पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाच्या हवाई दलांतही ती उडत राहिली.