स्मोकरमधला पहिला जाळ आणि स्वयंपाकाचा जाळ

स्मोकर म्हणजे मंद आचेवर, धुरात मांस शिजवण्याचे उपकरण. कोळशाच्या नव्या स्मोकरमध्ये पहिला जाळ केला जातो तो सीझनिंगसाठी, म्हणजे वापरापूर्वी तो तापवून तयार करण्यासाठी, आणि नंतरचे सगळे मांस शिजवण्यासाठी. कोळसा तोच आणि हवा कमी-जास्त करण्याच्या झडपाही त्याच असल्यामुळे अनेक जण दोन्ही जाळ एकाच रीतीने लावतात. प्रत्यक्षात दोहोंचे हेतू वेगळे आहेत.

सीझनिंगच्या वेळी आत अन्न नसते. कारखान्यातून पत्र्यावर राहिलेले तेलकट अवशेष जाळून टाकणे आणि उघड्या पोलादावर खाद्यतेलाचा थर भाजून बसवणे, एवढेच काम असते. बिडाचा तवा तेल लावून तापवला की त्यावर जो काळा, गुळगुळीत थर धरतो, तोच येथे गंजापासून संरक्षण देतो. त्यासाठी आतील भाग साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा आणि भिंतींना व जाळ्यांना रिफाइंड सूर्यफूल तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, कारण जाड लावलेले तेल कडक न होता चिकट राहते. मग पेटलेले निखारे घालून साधारण 120 ते 150 अंश सेल्सिअस तापमान दोन-तीन तास टिकवावे. पुस्तिकेत वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा. वेबर स्मोकी माउंटनसारख्या इनॅमलचा मुलामा असलेल्या स्मोकरला तेलाची गरज नसते, तो एकदा रिकामा तापवला की पुरते.

स्वयंपाकाचा जाळ मात्र लहान, संथ आणि स्वच्छ हवा. येथे सगळा कोळसा आधी पेटवून ओतला, तर तापमान हवे त्याच्या कितीतरी वर जाते आणि चढलेले तापमान खाली आणणे फार कटकटीचे असते. म्हणून टोपलीत न पेटलेला कोळसा भरून मध्ये खळगा करावा आणि त्यात दहा-पंधरा पेटते निखारे ठेवावेत. आग हळूहळू शेजारच्या कोळशाकडे सरकते. तापमान 95 अंशांच्या आसपास येताच खालच्या झडपा थोड्या थोड्या मिटत 107 ते 121 अंशांवर स्थिर करावे. वरची झडप उघडीच असावी, नाहीतर कोंडलेला धूर मांसावर कडवट थर सोडतो. सुरुवातीचा दाट पांढरा धूर विरून पातळ, निळसर होईपर्यंत मांस आत ठेवू नये. सीझनिंगमध्ये अन्नच नसल्याने या धुराने चव बिघडण्याचा प्रश्न येत नाही.

रसायन मुरवलेल्या, आपोआप पेटणाऱ्या ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या) टाळाव्यात, कारण खळग्याच्या पद्धतीत नवा कोळसा तासन्‌तास पेटत राहतो आणि त्याचा वास प्रत्येक वेळी मांसात उतरतो. पेटवण्यासाठी चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा पेटवण्याचे धातूचे उभे नळकांडे, उत्तम: खाली कागद, वर कोळसा, आणि पंधरा-वीस मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडांवर राख धरते. निखाऱ्यांवर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे हा तर निव्वळ आत्मघात आहे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने दोन्ही जाळ उघड्यावरच, भिंतीपासून किमान 3 मीटर दूर करावेत; पावसामुळे स्मोकर गॅरेजमध्ये ढकलण्याचा मोह आवरावा. झडपा मिटलेल्या असताना झाकण एकदम उघडल्यास हवा मिळून भडका उडू शकतो, तेव्हा आधी झडपा उघडून थोडे थांबावे. चरबीने पेट घेतला तर पाणी न मारता झाकण व सर्व झडपा बंद कराव्यात. राख मात्र दोन दिवसही आतून धुमसत राहू शकते, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या बादलीतच काढावी.