ग्रान रेसेर्वा म्हणजे सगळ्यात भारी वाइन? तसं नाहीये!

स्पॅनिश रेडच्या बाटलीवर ग्रान रेसेर्वा लिहिलंय म्हणजे क्वालिटीत एक नंबर, असं कित्येक वर्षं सांगितलं जातंय, पण तो शब्द मुळात वाइन किती मुरवलीय ते सांगतो. स्पेनमधल्या रिओखा या वाइनच्या प्रदेशात लेबलवर क्रिआन्सा लिहायचं तर वाइन निदान २ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान १ वर्ष ओकच्या २२५ लिटरच्या बॅरलमध्ये, रेसेर्वाला ३ आणि ग्रान रेसेर्वाला ५, त्यात २ बॅरलमध्ये, २ बाटलीत. चांगल्या सालाची द्राक्षं त्यासाठी राखतात बरेच जण, हे खरं, पण सक्ती नाही. आणि रिबेरा देल दुएरो या स्पेनमधल्याच दुसऱ्या वाइन-प्रदेशातली पिंगुस ही वाइन बघा ना, स्पेनमधल्या सगळ्यात महागड्यांपैकी, बॅरलमध्येच मुरलेली, तरी लेबलवर रेसेर्वा नाहीच! ताज्या फळाची चव आवडत असेल तर बिनधास्त क्रिआन्सा घ्या, ग्रान रेसेर्वात चामडं, तंबाखू, सुक्या अंजिराचा वास जास्त येतो.