फटाक्याची ठिणगी आणि गाडीची काच

पाडव्याच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठरलेलं दृश्य असतं. खाली लाल कागदांचा सडा, हवेत अजून रेंगाळणारा गंधकाचा वास, आणि गाडीवरची राख कोरड्या फडक्याने झटकणारी माणसं. मीही कित्येक वर्षं तेच करत आलो. एका दिवाळीनंतर मात्र पुढच्या काचेवर बोट फिरवताना रवाळ काहीतरी लागलं. धुतलं, घासलं, पण ते हलेना. पुढे त्या ठिपक्यांभोवती तांबूस कडा उमटली. काच तर गंजत नाही. मग हा गंज आला कुठून?

तो लोखंडाचा होता. फुलबाजीतून किंवा भुईनळ्यातून उडणारी सोनेरी ठिणगी म्हणजे लोखंडाचा जळता कण. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. गाडीची काच मात्र ७०० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागते. शिवाय काचेतून उष्णता फार सावकाश पसरते. त्यामुळे जवळून उडालेला तापलेला कण काचेवर पडला की त्याची सगळी धग टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत कोंडून राहते. तेवढीच काच मऊ होते, कण तिच्यात रुततो आणि थंड होऊन तिथेच बसतो. आकसताना तो आजूबाजूच्या काचेलाही खेचतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पाडतो. लोखंड कापणाऱ्या ग्राइंडरजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर असेच ठिपके पडतात, हे कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारा.

या बारीक भेगा इतक्या महत्त्वाच्या का, याचं उत्तर ॲलन ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दिलं. काच मुळात कमकुवत नसते, तिच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म चीर तिला कमकुवत करते, कारण सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो. आपल्याकडे दिवाळीत पहाटे दव पडतं, तेही इथे हात धुऊन घेतं. काच ही सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंची गुंफण. चिरेच्या टोकाशी ती गुंफण ताणलेली असते, आणि तिथे पाण्याचा रेणू पोचला की एकेक दुवा सुटत जातो. पहाटे दव, दुपारी ऑक्टोबर-नोव्हेंबरचं ऊन, आणि उन्हात तापलेल्या काचेवर आतून एसीचा गार झोत. लक्ष्मीपूजनाला पडलेला टवका भाऊबीज उलटल्यावर हातभर तडा होतो तो असा.

सुतळी बॉम्बच्या नुसत्या आवाजाने काच फुटेल का? नियमानुसार फटाक्याचा आवाज ४ मीटरवर १४५ डेसिबलच्या शिखरापलीकडे जाता कामा नये. एवढ्या आवाजाचा दाब सुमारे ३५० पास्कल भरतो. दाराच्या काचेवर क्षणभर दहा-अकरा किलोंचं वजन टेकल्यासारखं. धडधाकट काच ते सहज पेलते. खरा धोका काचेला लागून फुटणाऱ्या फटाक्याचा, आणि त्याच्याखालून गोळीसारख्या सुटणाऱ्या खडीचा. डबा उपडा घालून बॉम्ब लावणाऱ्या पोरांना पहिल्यांदा थांबवायला हवं ते यासाठीच.

काच कुठली फुटली यावर पुढचं सगळं ठरतं. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन पातळ काचा आणि मधे चिवट प्लास्टिकचा पापुद्रा. फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तस यांनी अशा काचेचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. ती तडकली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुधा टफन्ड असतात. त्या ६०० अंशांच्या वर तापवून गार हवेच्या झोतात एकदम निववलेल्या असतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला कायमचा आवळून धरतो. या आवळण्यातच तिची ताकद असते. पण चीर एकदा आतल्या ताणलेल्या थरापर्यंत गेली की क्षणात पूर्ण काच खडीसाखरेसारखी विखुरते. म्हणून टफन्ड काचेच्या तड्याची दुरुस्ती नसते, ती बदलावीच लागते.

समोरच्या काचेचा टवका मात्र नाण्याएवढा असेल, तर भरता येतो. दुरुस्ती करणारा त्यातली हवा पंपाने ओढून घेतो, पातळ रेझिन आत ढकलतो आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतो. तडा आपल्याला दिसतो तो आतल्या हवेमुळे, कारण काचेतून हवेत शिरताना प्रकाश परावर्तित होतो. रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वळवतं, म्हणून खूण फिकी पडते. पूर्ण जात नाही. चालकाच्या डोळ्यांसमोर टवका असेल तर मी काच बदलण्याच्याच बाजूचा आहे. रात्री समोरच्या गाडीचा झोत त्या खुणेवर फुटतो आणि रस्त्यावरचा माणूस दिसत नाही. दुरुस्तीला नेईपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा. ओल आणि राख आत गेली की रेझिन नीट धरत नाही.

आता त्या कोरड्या फडक्याबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त काचा तेच खराब करतं. फटाक्यातलं ॲल्युमिनिअम जळून त्याचं ऑक्साइड होतं. माणिक आणि नीलम यांचे स्फटिक याच पदार्थाचे, आणि पॉलिश पेपरवरही बहुतेक वेळा हाच असतो. काचेपेक्षा तो कितीतरी कठीण. राखेत तो असतोच, वर अंगणातली वाळू. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे काचेला पॉलिश पेपर मारणं, आणि गाडीत बसल्या बसल्या वायपर चालवणं त्याहून वाईट. आधी पाइपने भरपूर साधं पाणी सोडा, वायपर उचलून त्यांचं रबर पुसा, मग शॅम्पूच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते दवात विरघळून रंगावर आणि काचेवर डाग पाडतात, म्हणून हे काम दुपारवर ढकलू नका.

धुऊनही उरलेल्या ठिपक्यावर नख फिरवून पाहा. नख घसरलं तर सिरियम ऑक्साइडच्या पॉलिशने काम होतं. नख अडकलं तर खड्डा खोल आहे. तो घासून सपाट करायला गेलात तर काच तिथे पातळ होते आणि समोरचा रस्ता लहरी लहरी दिसू लागतो.

रात्री गाडी हलवायला जागा नसेल तर बाजारातलं नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं कव्हर घालू नका. ठिणगीने ते वितळून काचेला आणि रंगाला चिकटतं, कधी पेटतंही. त्यापेक्षा जुन्या सुती चादरी पाण्यात पिळून पुढच्या-मागच्या काचांवर पसरा. वाफ होताना पाणी भरपूर उष्णता शोषून घेतं, त्यामुळे ठिणगी ओल्या कापडावरच विझते. तासा-दोन तासांनी पुन्हा शिंपडायला मात्र हवं. सगळ्या काचा आणि सनरूफ वरपर्यंत बंद करा, आणि वायपरखालच्या जाळीतला वाळका पालापाचोळा वसुबारसेलाच काढून टाका.