'पे' कुणाला आणि 'पे फॉर' कशाचे

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये मराठी घरं बरीच आहेत आणि चिनी घरं त्याहून कितीतरी जास्त. दोन्हीकडे नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा असतात. आठवड्यातून एकदा मी अशा चिनी आजी-आजोबांबरोबर इंग्रजी बोलायला बसते. भाजी, दवाखाना, बस, नातवाच्या शाळेची सहल, असे रोजचेच विषय निघतात. आणि या रोजच्या बोलण्यात सगळ्यात जास्त गाडी अडते ती पैसे देण्यापाशी.

एकदा एक आजी म्हणाल्या, "आय पेड माय डॉटर." मी सहज विचारलं, मुलीनं कसलं काम करून दिलं? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. काम वगैरे काही नव्हतं. मायलेकी दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि लेकीचे पैसे आईनं भरले होते. म्हणायचं होतं, "आय पेड फॉर माय डॉटर." एवढासा 'फॉर' गळला आणि आईनं लेकीच्या हातावर मजुरी ठेवली असा अर्थ झाला.

'पे' आणि 'पे फॉर' ही जोडी चिनी भाषकांना फार छळते. खरं तर आपल्यालाही छळते, फक्त आपलं अडखळणं थोडं वेगळ्या जागी असतं.

'पे'च्या लगेच पुढे इंग्रजीत तीन प्रकारचे शब्द येतात. पैसे ज्याच्या हातात जातात तो माणूस, म्हणजे 'पे द वेटर', 'पे द प्लंबर'. दिलेली रक्कम, म्हणजे 'पे ट्वेंटी डॉलर्स'. आणि देण्याचीच जी नावं आहेत ती: बिल, भाडं, फी, कर, दंड. 'पे द रेंट', 'पे अ फाइन'. पैशांच्या बदल्यात जे पदरात पडलं, जेवण, चपला, पुस्तक, सिनेमाचं तिकीट, ते मात्र 'फॉर'ला धरूनच येतं. 'आय पेड द नूडल्स' होत नाही, 'आय पेड फॉर द नूडल्स'. सगळी मंडळी एकाच वाक्यात बसवायची तर 'आय पेड हिम ट्वेंटी डॉलर्स फॉर द नूडल्स'. आधी माणूस, मग रक्कम, शेवटी 'फॉर' आणि वस्तू.

माणसाला इतका मान का, हे शब्दाच्या जन्मकथेत सापडतं. 'पे' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'पाकारे' आहे. पाकारे म्हणजे शांत करणं. इंग्रजी 'पीस' ज्यातून आला, तो शांतीवाचक 'पाक्स' त्यात दडलेला आहे. आपलं येणं मागत दारात उभा असलेला माणूस, त्याचं समाधान करायचं, हा मूळ अर्थ. म्हणून या क्रियापदाला पहिल्यांदा माणूसच चिकटला. त्याला दिलेली रक्कम आणि त्यानं लावलेलं बिल त्याच्या सोबतीनं आत आले. घेतलेल्या वस्तूला शांत करायचा प्रश्नच नव्हता, ती बाहेर राहिली आणि 'फॉर'चा हात धरून आली. ही गोष्ट मी आजी-आजोबांना हातवारे करून सांगते, दारावर टकटक करून दाखवते. नियम पाठ करण्यापेक्षा ती त्यांना जास्त लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

प्रत्येक भाषेनं पैसे देण्याचं चित्र आपापलं काढलं आहे. मराठीत आपण कर्ज फेडतो, आणि फेडणं म्हणजे मुळात सोडणं, गाठ सोडणं. फी आणि दंड आपण भरतो, जणू कुठेतरी रिकामी जागा राहिली होती. चिनीत पैसे देण्याचं क्रियापद 'फू'. त्याचं अक्षर बघावं तर डावीकडे माणसाची खूण आणि उजवीकडे हाताची. समोरच्याच्या हाती सोपवणं.

आता चूक होते कुठे ते बघू. चिनीतसुद्धा कुणी 'जेवण फू केलं' असं म्हणत नाही. 'फू'च्या पुढे पैशाचंच नाव लागतं. त्यासाठी चिनीत सोय अशी की वस्तूच्या नावाला मागे 'छ्येन' म्हणजे पैसे किंवा 'फेइ' म्हणजे शुल्क जोडलं की काम झालं. फान म्हणजे भात किंवा जेवण, म्हणून जेवणाचे पैसे फान-छ्येन. गाडीभाडं छ-फेइ, शाळेची फी श्युए-फेइ, विजेचं बिल द्येन-फेइ. हे सगळे शब्द 'फू'च्या पुढे सरळ बसतात, मध्ये काहीही लागत नाही.

मग हाच माणूस इंग्रजीत बोलायला लागतो. गाडीभाड्याला 'फेअर' सापडतो, शाळेच्या फीला 'ट्युइशन' सापडतो, घरभाड्याला 'रेंट'. तिथे 'पे'च्या पुढे शब्द ठेवला की वाक्य बरोबर येतं, आणि दर वेळी बरोबर येतंय म्हणून धीर चेपतो. पण फान-छ्येनसाठी इंग्रजीत एक शब्द नाही. तेव्हा छ्येन गळून पडतं, नुसतं जेवण उरतं, आणि तोंडातून निघतं 'आय पेड द डिनर'. चिनी शब्दाच्या मागची ती शेपटी वाटेत हरवते.

म्हणून मी एकच तपासणी सांगते. मनातल्या चिनी शब्दाला छ्येनची किंवा फेइची शेपटी आहे ना? मग ती इंग्रजीत कुठे गेली ते शोधा. फेअर, फी, बिल अशा शब्दात ती मुरलेली असेल तर 'फॉर' नको. कुठेच दिसत नसेल तर तीच 'फॉर' होऊन वस्तूच्या आधी येऊन बसणार आहे. शेपटी मागून पुढे आली, एवढाच फरक. हे एका आजोबांना इतकं पटलं की त्यांनी वहीत दोन रकाने आखले आणि पुढच्या आठवड्यात दोन्ही भरून आणले.

मराठीत हेच काम षष्ठीचा 'चे' करतो. 'जेवणाचे पैसे दिले.' आपण तर 'पैसे'सुद्धा गाळतो आणि 'चे' ठेवतो: "रिक्षाचे दिलेस का?" "दुधाचे मी दिले, पेपरचे राहिले." पैसे हा शब्द कुठेच नाही, पण 'चे' आहे म्हणून अर्थाला धक्का लागत नाही. घरी मुलांना इंग्रजी शिकवताना हे सांगून बघा. जिथे मराठीत 'चे' येतो तिथे 'पे फॉर', जिथे 'ला' येतो तिथे नुसतं 'पे'. 'वेटरला दिले', 'नूडल्सचे दिले'. अगदी प्रत्येक वाक्याला हे लागू पडत नाही, 'बिलाचे दिले' असंही आपण म्हणतोच, पण दहातली बहुतेक वाक्यं यातून सुटतात.

खरी गंमत तिथे येते जिथे 'फॉर' असला आणि नसला तरी वाक्य बरोबरच राहतं, फक्त अर्थ बदलतो. 'आय पेड द डॉक्टर' म्हणजे डॉक्टरला त्याची फी दिली. 'आय पेड फॉर द डॉक्टर' म्हणजे डॉक्टरचा खर्च मी उचलला. घरी कुणी आजारी होतं, डॉक्टर बोलावला, पैसे माझे. किंवा हॉटेलात बसलो होतो आणि डॉक्टरसाहेबांच्या जेवणाचे मी दिले. लेकीच्या बाबतीत आजींचं झालं ते हेच. 'पे'ला चिकटलेला माणूस पैसे घेणारा, 'फॉर'च्या पलीकडचा माणूस ज्याचा खर्च वाचला तो.

प्रश्न विचारतानाही तसंच. 'व्हॉट डिड यू पे?' याचं उत्तर आकडा आहे: वीस डॉलर. 'व्हॉट डिड यू पे फॉर?' याचं उत्तर वस्तू आहे: नूडल्स. हा शेवटचा 'फॉर' चिनी कानांना पटकन ऐकू येत नाही, कारण वाक्याच्या शेवटी तो एकटाच लटकत असतो, त्याच्यापुढे काही नसतं. त्याहून अवघड म्हणजे दुकानाच्या दारातलं 'इज दॅट पेड फॉर?' पिशवीकडे बोट दाखवून विचारलेला प्रश्न. 'द बिल इज पेड' पण 'द बॅग इज पेड फॉर'. पिशवी कर्ता झाली तरी तिचा 'फॉर' तिला सोडत नाही. हे वाक्य मी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणून घेते, कारण दारात अडवल्यावर घाबरलेल्या माणसाला व्याकरण आठवत नाही, जिभेला सवय असावी लागते.

'यू विल पे फॉर धिस' ही धमकीही त्याच घडणीची. केलेल्या कृत्याचे पैसे चुकते करावे लागतील. हे मात्र चिनी भाषकांना लगेच कळतं, कारण त्यांच्याकडेही किंमत 'फू' करावी लागते, 'फूछू दायज्या'. आपल्याकडेही 'महागात पडेल' आहेच.

दुसऱ्याचा खर्च उचलण्यात अजून एक खड्डा आहे आणि तो मला स्वतःला फार उशिरा दिसला. चिनीत दुसऱ्याचे पैसे आपण भरले तर 'बांग' हे क्रियापद जोडायची पद्धत आहे. बांग म्हणजे मदत करणं, पण 'त्याच्या वतीनं, त्याच्यासाठी' असाही त्याचा अर्थ होतो. ते इंग्रजीत उतरतं 'आय हेल्प्ड माय सन पे' असं. व्याकरणात कुठेही चूक नाही, म्हणून शिकवणाराही पुढे जातो. पण ऐकणाऱ्याला वाटतं, मुलानं काही भरले आणि बापानं थोडा हातभार लावला. एका आजोबांनी मुलाच्या घरासाठी गावाकडचं स्वतःचं घर विकलं होतं. ते हे वाक्य सांगायचे आणि समोरचा 'छान' म्हणून विषय बदलायचा. 'आय पेड फॉर माय सन्स हाउस' असं म्हणायला लागल्यावर लोक थांबून ऐकायला लागले. जे केलं ते पूर्ण सांगता यावं, एवढं तरी माणसाला भाषेकडून मिळायला हवं.

'स्पेंड', 'कॉस्ट' आणि 'टेक' यांचंही पुष्कळ सांगण्यासारखं आहे, पण ते चिनी शाळेत भरपूर घोटून घेतात. तिथे 'पे' धरून या चौघांचा एकत्र धडाच असतो, कारण खर्चाला चिनीत 'ह्वा' हे एकच क्रियापद चालतं. पैसेही ह्वा करतात आणि वेळही, शिवाय माणूसही ह्वा करतो आणि पुस्तकही वीस युआन ह्वा करतं. त्यातून 'आय कॉस्ट ट्वेंटी डॉलर्स' निघतं. 'कॉस्ट'चा कर्ता वस्तू आणि 'स्पेंड'चा माणूस, एवढं सांभाळलं की बरंच निभतं.

शाळेत न मिळणारी गोष्ट म्हणजे जेवणाच्या टेबलावरची भाषा. तिथे इंग्रजी बोलणारे 'पे' हा शब्दच टाळतात. 'आय विल गेट धिस.' 'इट्स ऑन मी.' 'माय ट्रीट.' यातल्या एकातही पैसे नाहीत, देणं नाही. चिनीत यजमान 'छिंग' म्हणतो, म्हणजे आमंत्रण देणं, आणि ज्यानं छिंग म्हटलं त्यानं पैसे द्यायचे हे ठरलेलंच. म्हणून चिनी माणूस प्रेमानं 'आय इन्व्हाइट यू' म्हणतो आणि बिल आल्यावर अमेरिकन पाहुणा आपलं कार्ड काढतो, कारण त्याच्या कानाला 'इन्व्हाइट' म्हणजे फक्त बोलावणं. यजमानाला अपमान वाटतो, पाहुण्याला कळत नाही काय चुकलं. इथे 'फॉर'नं काही होत नाही, इथे 'माय ट्रीट' हे दोन शब्दच लागतात.

बिलासाठी होणारी झटापट मात्र आपल्याला शिकवावी लागत नाही. चिनी टेबलावर 'मायदान'साठी जी ओढाताण चालते ती पाहून मला आमच्याकडची काकांची आणि मामांची गल्ल्यापाशी होणारी लढाई आठवते. मायदान हा शब्द कँटनीज या दक्षिणेकडच्या चिनी बोलीतून आला. तिकडे त्याचा अर्थ हिशेब मिटवणं असा होता. मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलणाऱ्यांनी तो ऐकला आणि सारख्या आवाजाचं, 'विकत घेणं' अशा अर्थाचं अक्षर लावून लिहिला. त्यामुळे अक्षरश: वाचलं तर तिकडे बिल विकत घेतात! आणि ज्याचं त्यानं द्यायचं असेल तर चिनीत रोमन लिपीतली दोन अक्षरं जोडून 'ए-ए' म्हणतात, आपली कॉलेजातली मुलं 'टीटीएमएम' म्हणतात, तुझं तू माझं मी. इंग्रजीत साधं 'लेट्स स्प्लिट इट'.

आता तर सगळंच फोनवर आलं. चीनमध्ये 2004 साली अलिपे ही ऑनलाइन पैसे देण्याची सेवा सुरू झाली, तिच्या चिनी नावातही हा 'फू' आहे. मग 2013 मध्ये वीचॅट पे आलं, आणि तिकडे 'मी तुला स्कॅन करू की तू मला' असं दुकानात विचारतात. इथे अमेरिकेत व्हेन्मो आहे, आणि तरुण मुलांनी त्या नावाचं क्रियापद करून टाकलंय: 'आय विल व्हेन्मो यू फॉर द पिझ्झा.' गेल्या आठवड्यात एका आजींच्या नातीनं त्यांच्यासमोर हे वाक्य म्हटलं. आजींनी मला फोन करून सांगितलं, आवाजात आनंद मावत नव्हता. माणूस लगेच पुढे, पिझ्झा 'फॉर'च्या मागे. नवीन शब्द, पण रचना तीच, आणि ती त्यांनी स्वतः ओळखली होती. मी त्याच संध्याकाळी पुण्यात बहिणीला मेसेज टाकला होता: 'तुला जीपे करते, आईच्या औषधांचे.'