कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा विचार असेल तर

रीमॅप (इंजिनच्या कंप्युटरमधला, म्हणजे ईसीयूतला, मॅप बदलणं) किंवा स्टेज २ (त्यासोबत एक्झॉस्टचे भागही बदलणं) चं काम करून घ्यायला येणारे बरेच ग्राहक डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅटही काढून मागतात. नंबरप्लेट लावून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कॅट आम्ही काढत नाही. आतली जाळी फोडून रिकामा डबा परत बसवायचं कामही घेत नाही. त्याची कारणं, आणि पिकअप खरंच पडला असेल तर काय करायचं, ते खाली दिलं आहे.

कन्व्हर्टरच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिक किंवा धातूची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर असतो. साधारण २५० ते ३०० अंशांवर तो काम करू लागतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या तिन्हींचा बंदोबस्त तो एकाच वेळी करतो, पण हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला १ च्या आसपास असेल तरच. म्हणून आजच्या टर्बो गाड्यांत तो टर्बोला चिकटून बसवलेला असतो, लवकर तापावा म्हणून.

पीयूसीत नेमकं काय होतं

बीएस ४ आणि बीएस ६ पेट्रोल गाडीला आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. २,५०० आरपीएमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे १४.७ ला १) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. मिश्रण अगदी बरोबर असलं तरी इंजिनातून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साधारण अर्धा ते एक टक्का असतोच. तो खाली आणतो कॅट. कॅट नसेल तर गाडी नापास. काही जण मग मॅपमध्ये पेट्रोल कमी करायला सांगतात. त्याने कार्बन मोनॉक्साइड उतरतो, पण लॅम्डा १.०३ च्या वर जातो आणि गाडी त्याच मशिनवर दुसऱ्या रकान्यात नापास होते.

कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर (तो धुरापासून लांब धरणारा तुकडा) लावणं किंवा मॅपमध्ये पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा) कोड बंद करणं याने फक्त डॅशबोर्डवरचा दिवा विझतो. धूर तोच राहतो.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवली तर कलम १९० (२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. ‘गाडी ट्रॅकसाठीच आहे’ हे कारण ट्रेलरवरून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला लागू पडतं. रात्री अहमदाबाद एक्सप्रेसवेवर निघणारी गाडी ही रस्त्यावरचीच गाडी.

पिकअप पडण्याचं खरं कारण

धडधाकट कॅटमुळे रोजच्या गाडीत जाणवेल इतकी ताकद जात नाही. तुंबलेल्या कॅटमुळे मात्र नक्की जाते, आणि तो आपोआप तुंबत नाही. सगळ्यात जास्त नुकसान मिसफायरने होतं. प्लग किंवा कॉइल गेली की कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथेच जळतं आणि जाळी वितळून गोळा होते. एक्झॉस्टमधून फटाके फोडणारा ‘पॉप्स अँड बँग्स’ मॅप हेच मुद्दाम करतो. आवाजाची हौस आम्हाला समजते, पण कॅट असलेल्या गाडीत तो मॅप टाकू नका. याखेरीज ऑइल खाणारं इंजिन (ऑइलमधला फॉस्फरस थरावर चढतो) आणि ऑक्सिजन सेन्सरला न चालणारा सिलिकॉन सीलंट. बडोद्यात एक कारण पावसाळ्याचंही आहे: तापलेली गाडी विश्वामित्री नदीच्या किंवा अंडरपासच्या पाण्यात घातली की सिरॅमिक जाळीला तडे जातात. थंड गाडीचा कॅट रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहा. खुळखुळ वाजला तर आतली जाळी सुटली आहे.

पी०४२० आला म्हणून आम्ही लगेच कॅट बदलत नाही. आधी कोड आणि त्यासोबत साठलेली फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाची नोंद) वाचतो, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट) बघतो. ट्रिम अधिक-उणे १० टक्क्यांबाहेर असेल तर दोष कॅटच्या आधी आहे, तो पहिला काढायचा. मग स्मोक मशिनने एक्झॉस्टची गळती शोधतो, कारण मागच्या सेन्सरच्या आधी फ्लॅंज गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला कॅटही खराब दिसतो. इंजिन तापवून, २,५०० आरपीएमला स्थिर धरून मागच्या सेन्सरचं व्होल्टेज पाहतो. ०.६ ते ०.८ वर जवळजवळ सरळ रेघ असेल तर कॅट ठीक, ०.१ ते ०.९ असं सतत वर-खाली होत असेल तर थर मेला. शेवटी पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावतो. आयडलला १.२५ पीएसआयपर्यंत आणि २,५०० ला ३ च्या आत हवं. त्याहून जास्त म्हणजे तुंबलाय.

बदलायचाच ठरला तर त्याच मॉडेलचा, त्याच बीएस मानकाचा कंपनीचा भाग लावतो. बाजारातले २०० सेलचे (जाळीत दर चौरस इंचाला २०० छिद्रं असलेले) ‘हाय-फ्लो’ कॅट आम्ही रोडच्या गाडीला सुचवत नाही: थर कमी असतो, पी०४२० पुन्हा यायची शक्यता मोठी, आणि बीएस ६ ला पास होण्याची खात्री कोणी लिहून देत नाही. जुना डबा तुमचा असतो. त्यातल्या धातूंना भाव आहे, म्हणून काम कुठेही करा, तो मागून घ्या.

नवा बसवल्यावर पहिली पाच मिनिटं आयडलवर चालू द्या, रेस करू नका. जाळीभोवतीचं मॅट उष्णतेने फुगून तिला घट्ट धरतं. नंतर हालोल रोडवर ७०-८० च्या एकसारख्या वेगात पंधरा-वीस मिनिटं चालवा, म्हणजे ईसीयूची कॅटची चाचणी पूर्ण व्हायला मदत होते. एका फेरीत झाली नाही तर पुन्हा चालवा. पीयूसी त्यानंतर.

तपासणीला येताना शेवटचं पीयूसी आणि आधी कुणी मॅप टाकला असेल तर त्याची माहिती आणा. येण्याआधी स्वतःच्या स्कॅनरने कोड पुसू नका. त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते आणि दोष कोणत्या आरपीएमला, किती तापमानाला आला ते कळत नाही.